मुलगा एक, फायली सहा: स्कॉटलंडमधलं एक प्रकरण

२००५ च्या आसपास ग्लासगोच्या पोलिसांपुढे खुनाचा छडा लागत नाही ही अडचण नव्हती. जवळपास प्रत्येक खुनातला आरोपी सापडत होता, खटला उभा राहत होता, शिक्षाही होत होती. तरी पुढच्या शनिवारी रात्री कुठल्या तरी वस्तीत एक पोरगा दुसऱ्याच्या चाकूने पडायचाच. मारणारा आणि मरणारा एकाच वयाचे, एकाच तऱ्हेच्या घरातले, आणि बरेचदा दोघंही पोलिसांना आधीपासून माहीत असलेले.

जानेवारी २००५ मध्ये ग्लासगो परिसराच्या स्ट्रॅथक्लाइड पोलीस दलाने ‘व्हायोलन्स रिडक्शन युनिट’ नावाचं एक छोटं पथक काढलं. त्यात मुख्य माणसं दोन. जॉन कार्नोकन हे खुनांच्या तपासात वर्षानुवर्षं मुरलेले वरिष्ठ अधिकारी. कॅरिन मॅक्लस्की पोलीस दलात माहितीच्या विश्लेषणाचं काम करत. त्या मूळच्या नर्स, पुढे मानसशास्त्र शिकलेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये हिंसेवर मोठा अहवाल काढला होता आणि हिंसेकडे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहा, असं म्हटलं होतं. या दोघांनी ते शब्दशः मनावर घेतलं. पटकीची साथ आली की आपण रुग्ण मोजत बसत नाही, पाणी कुठून येतं ते पाहतो. तसंच चाकू हातात येण्याच्या दहा वर्षं आधी त्या हाताचं काय झालं होतं, हे त्यांनी शोधायला घेतलं. हजार जादा पोलीस आणि हजार जादा हेल्थ व्हिजिटर यांतून निवडायचं झालं तर आपण हेल्थ व्हिजिटर घेऊ, असं कार्नोकन पुढे जाहीरपणे सांगत. हेल्थ व्हिजिटर म्हणजे बाळ-बाळंतिणीच्या घरी जाणारी नर्स. खुनाचा तपास करणाऱ्या माणसाने हे म्हणावं, यात मला या प्रकरणाचं सगळं सार दिसतं.

शहराबद्दल थोडं सांगायला हवं. क्लाइड नदीकाठच्या गोद्यांमध्ये एके काळी जगभरची जहाजं बांधली जात. गोद्या बंद पडत गेल्या. त्याच काळात शहराच्या पोटातल्या दाटीवाटीच्या चाळी पाडून लोकांना वेशीवरच्या नव्या वसाहतींत हलवलं गेलं: ईस्टरहाउस, ड्रमचॅपल, कॅसलमिल्क. घरं मिळाली, पण दुकानं, खेळायच्या जागा, कामाला जायच्या बसेस बराच काळ आल्याच नाहीत. गिरणगाव रिकामं होताना ज्यांनी पाहिलं त्यांना यापुढचं निराळं समजावून सांगायची गरज नाही. बापाच्या हाताला काम नाही आणि पोराला जायला जागा नाही, अशा गल्लीत टोळी ही पहिली ओळख होते.

टोळी म्हटलं की आपल्यासमोर खंडणी आणि सुपारी येते. ग्लासगोच्या बहुतेक पोरांच्या टोळ्या तशा नव्हत्या. त्यांच्याकडे धंदा नव्हता, होती फक्त हद्द. एका वसाहतीतला मुलगा दोन रस्ते ओलांडून पलीकडच्या जलतरण तलावावर जाऊ शकत नसे, पलीकडे नोकरी मिळाली तरी ती घेऊ शकत नसे. टोळीचं नाव बापाकडून, काकाकडून चालत आलेलं. भांडणं शुक्रवार-शनिवारच्या रात्री, दारू पिऊन. आणि चाकू खिशात कशासाठी, तर समोरच्याच्या खिशात असेल म्हणून.

फायली

या प्रकरणाचा गाभा समजायला एक काल्पनिक मुलगा डोळ्यांसमोर आणू. वय तेरा. आज त्याने बसथांब्याची काच फोडली आणि दुकानातून काहीतरी उचललं. पोलिसांच्या दृष्टीने ही पहिली नोंद.

पण शाळेकडे त्याची फाइल तीन वर्षं जुनी आहे. तो सोमवारी येत नाही, आला तर मारामारी करतो, दोनदा शाळेतून काही दिवसांसाठी काढलाय. समाजकार्य विभागाकडे त्याच्या आईची फाइल आहे, कारण घरात मारहाण होते. घरांची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याकडे भाडं थकल्याची आणि रात्रीच्या आरडाओरड्याची तक्रार आहे. रुग्णालयात आईच्या हाताला टाके घातल्याची नोंद आहे, तिथे तिने ‘पडले’ असं सांगितलं होतं. आणि लहानपणी घरी येणाऱ्या नर्सने लिहून ठेवलं होतं की हे बाळ फार दचकतं. सहा ठिकाणी सहा कागद. प्रत्येकाने आपापलं काम नियमाप्रमाणे केलंय. एकालाही दुसऱ्याचा कागद दिसत नाही.

सरकारी खात्यांनी ‘समन्वय’ साधावा हे वाक्य आपण इतक्या परिपत्रकांत वाचलंय की ते कानावरून जातं. स्कॉटलंडमध्ये त्या शब्दाला एक टेबल आणि एक तारीख मिळाली, फरक एवढाच. तिथे ही गोष्ट दोन वाटांनी घडली. एक वाट आधीच टोळीत गेलेल्या तरुणांची, दुसरी तेरा वर्षांच्या त्या मुलाची.

कोर्टात बोलावणं

पहिली वाट गाजली. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने १९९६ मध्ये टोळ्यांची हिंसा थांबवायला ‘ऑपरेशन सीझफायर’ चालवलं होतं. तिथल्याच सिनसिनाटी शहराने त्यावरून आपला कार्यक्रम बेतला. आणि तिथून ती कल्पना ग्लासगोत आली. ऑक्टोबर २००८ मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागातल्या टोळ्यांच्या पोरांना शेरीफ कोर्टात बोलावलं गेलं. (हा शेरीफ म्हणजे प्रत्यक्ष न्यायाधीश, मुंबईच्या शेरीफसारखं मानाचं पद नव्हे.) अटक नाही, समन्स नाही, यायचं तर स्वखुशीने. न्यायाधीश आसनावर बसले आणि कोर्ट रीतसर सुरू झालं. आधी पोलिसांनी दाखवलं की तुम्ही कोण, कुठल्या टोळीचे, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि यापुढे एकाने चाकू काढला तर लक्ष अख्ख्या टोळीवर जाईल. मग शल्यचिकित्सक उभे राहिले आणि चाकूने फाटलेला चेहरा शिवताना काय काय शिवावं लागतं ते दाखवलं. मग एक आई बोलली, तिच्या मुलाचं काय झालं ते. जे लोक त्या खोलीत होते त्यांनी वारंवार सांगितलंय की पोलिसांकडे छाती काढून बघणारी पोरं आईचं बोलणं ऐकताना मान खाली घालत.

शेवटी एक फोन नंबर दिला गेला. बाहेर पडायचं असेल तर यावर फोन करा. त्या नंबरामागे खरी तयारी होती. नोकरी, शिक्षण, घर, दारू सोडवणं, राग आवरायला शिकणं, या सगळ्यासाठी पोरांनी वेगवेगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे नव्हते; पोलीस, समाजकार्य, शिक्षण, आरोग्य आणि घरांचं खातं यांची माणसं एकत्र बसत होती. माझ्या मते कोर्टाचं नाट्य हा दर्शनी भाग होता, खरा कार्यक्रम या फोनपलीकडे होता. ज्या शहरांनी नाट्य उचललं आणि फोनमागची माणसं नेमली नाहीत, तिथे पोरांच्या हाती आणखी एक फसवणूक आली असणार.

याचं मूल्यमापन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. कार्यक्रमात आलेल्या तरुणांमध्ये शस्त्र बाळगण्याचं प्रमाण ८४ टक्क्यांनी घटलं. तशाच गरीब भागातल्या, पण कार्यक्रम न मिळालेल्या तरुणांमध्ये ते ४० टक्क्यांनी घटलं. प्रत्यक्ष मारहाणीच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे उभा राहिला नाही. म्हणजे ग्लासगोत त्या वर्षांत सगळीकडेच हिंसा उतरत होती आणि या कार्यक्रमाने त्यात भर घातली, इतकंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. २०११ मध्ये त्याचा निधी संपला आणि तो त्या स्वरूपात थांबला.

आणखी एक गोष्ट ग्लासगोच्या कौतुकात हमखास गाळली जाते. याच काळात चाकू बाळगण्याची कमाल शिक्षा २००६ च्या कायद्याने दोन वर्षांवरून चार वर्षं झाली. रस्त्यात थांबवून अंगझडती घेण्याचं प्रमाण इतकं होतं की २०१० मध्ये स्कॉटलंडचा दर इंग्लंड-वेल्सच्या जवळपास चौपट होता; एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधनाने २०१४ मध्ये हे उघड केलं आणि पुढे ती पद्धत बदलावी लागली. झडतीत सापडणारी बहुतेक पोरं पुन्हा त्याच वसाहतींतली. त्यामुळे ‘ग्लासगोने प्रेमाने हिंसा जिंकली’ ही गोष्ट मी सांगणार नाही. तिथे धाकही होता. मदत आणि धाक यांतलं कशाने किती झालं, याची वाटणी करणं अवघड आहे.

तेरा वर्षांच्या मुलाची वाट

दुसरी वाट कमी गाजली. मला मात्र तीच जास्त महत्त्वाची वाटते.

तिची मुळं १९६४ मध्ये आहेत. लॉर्ड किलब्रँडन यांच्या समितीने तेव्हा सांगितलं की गुन्हा करणारं मूल आणि ज्याच्यावर अन्याय झालाय ते मूल, या दोघांच्या गरजा पाहिल्या तर ती दोन वेगळी मुलं निघत नाहीत. १९६८ चा कायदा आला आणि १९७१ पासून बालन्यायालयांच्या जागी ‘चिल्ड्रन्स हिअरिंग’ सुरू झालं. काळा झगा नाही, पिंजरा नाही. तीन प्रशिक्षित स्वयंसेवक नागरिक, मूल, पालक, समाजकार्यकर्ता. कुठलं प्रकरण तिथे न्यायचं हे ठरवतो ‘रिपोर्टर’ नावाचा स्वतंत्र अधिकारी.

इतकी माणुसकीची व्यवस्था असून तिच्यातही दोष निघाला, आणि तो ज्या पद्धतीने निघाला तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. एडिंबरा विद्यापीठाच्या लेस्ली मॅकारा आणि सुझन मॅकव्ही यांनी १९९८ मध्ये एडिंबरा शहरातल्या माध्यमिक शाळांत पाऊल ठेवलेल्या सुमारे ४,३०० मुलांचा माग धरला आणि तो वर्षानुवर्षं सोडला नाही. सारख्याच पार्श्वभूमीची, सारखीच वागणारी मुलं त्यांनी जोडीला लावली. एका गटातली हिअरिंगपर्यंत गेली होती, दुसऱ्यातली व्यवस्थेच्या हाती लागली नव्हती. पुढे गंभीर गुन्हे करत राहण्याचं प्रमाण पहिल्या गटात जास्त निघालं. व्यवस्थेत जितकं खोल जाणं, तितकं बाहेर पडणं कठीण. शिवाय पोलीस पुन्हा पुन्हा तीच ओळखीची, गरीब घरातली मुलं उचलत होते; तितकंच करणारी दुसरी मुलं सुटत होती. वय वाढलं तशी व्यवस्थेबाहेर राहिलेली बहुतेक मुलं आपोआप शांत झाली.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा शाळांनी भिंतीवर लावावा असा आहे. बाराव्या वर्षापर्यंत शाळेतून काढलं गेलेलं मूल बावीस वर्षांपर्यंत तुरुंगात जाण्याची शक्यता इतर मुलांच्या चौपट होती.

यातून ‘लवकर हस्तक्षेप’ या शब्दाचा अर्थच पालटतो. लवकर म्हणजे लवकर नोंद करणं, लवकर यादीत घालणं, लवकर बोलावणं असेल, तर ते मुलाला त्याच खड्ड्यात अलगद उतरवणं आहे. मदत लवकर पोचायला हवी आणि शिक्का शक्य तितका उशिरा, जमल्यास कधीच नाही. खाती जोडायची ती यासाठी. नाहीतर सहा फायली एकत्र बांधून मुलाच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होतं.

२०११ मध्ये स्कॉटलंडने देशभर ‘होल सिस्टम अप्रोच’ लागू केला, अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी. त्याची पहिली पायरी म्हणजे आपल्या त्या तेरा वर्षांच्या मुलापुरतं बोलायचं तर असं: पोलीस त्याचं प्रकरण थेट रिपोर्टरकडे न पाठवता आधी स्थानिक गटाकडे देतात. पोलीस, शाळा, समाजकार्य, आरोग्य, घरांचं खातं, एखादी स्वयंसेवी संस्था. ठराविक दिवशी ही माणसं बसतात, आणि प्रत्येक नावापुढे प्रश्न एकच: हे मूल कोणाच्या ओळखीचं आहे? कधी उत्तर येतं की आईला मदत सुरू झालीच आहे, नवीन काही नको. कधी शाळेतल्याच एखाद्या शिक्षकावर सोपवलं जातं. कधी ज्याच्याकडून वस्तू उचलली त्या दुकानदाराशी समोरासमोर बोलणं घडवलं जातं. कधी पोलिसांची समज पुरते. आणि काहीच न करणं हाही तिथे रीतसर निर्णय असतो. आपल्याकडच्या कुठल्याही समितीला ‘काही करू नये’ असं लिहायचं धैर्य नसतं, म्हणून मला हे वेगळं उठून दिसतं. खरंच गंभीर असेल तरच प्रकरण रिपोर्टरकडे जातं.

पुढच्या पायऱ्या मोठ्या मुलांसाठी. सोळा-सतरा वर्षांची बहुतेक मुलं तोवर थेट प्रौढांच्या कोर्टात जात. त्यांना खटल्याआधीच दुसऱ्या वाटेने वळवणं, कोर्टात गेलीच तर सोबत देणं, कोठडीऐवजी पर्याय शोधणं. स्कॉटलंड सरकारने दिलेल्या आकड्यांप्रमाणे २००८-०९ ते २०१९-२० या काळात कोर्टात खटला चालवल्या गेलेल्या मुलांची संख्या ८५ टक्क्यांनी उतरली आणि कैदेची शिक्षा झालेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची ९३ टक्क्यांनी. शाळांतून काढण्याच्या घटना २००६-०७ मध्ये ४५ हजारांच्या घरात होत्या, त्या २०१८-१९ पर्यंत १५ हजारांच्या आसपास आल्या. आता खटले कमी केले म्हणजे खटल्यांचे आकडे कमी होणारच, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून ज्या आकड्याला असं वळवता येत नाही तो पाहायचा, खुनाचा. २००४-०५ मध्ये देशात १३० हून जास्त खून झाले होते, २०२२-२३ मध्ये ५२. आणि गंभीर हिंसेतली घट कुठे झाली, तर मुख्यतः पश्चिम स्कॉटलंडमध्ये, सार्वजनिक जागी, शस्त्र घेऊन भिडणाऱ्या तरुण पुरुषांत.

कुठे अडलं

खाती जोडताना स्कॉटलंड एका जागी जोरात आपटलं. २०१४ च्या कायद्याने प्रत्येक मुलासाठी एक ‘नेमलेली व्यक्ती’ ठेवायची ठरलं, लहान बाळासाठी हेल्थ व्हिजिटर, शाळेतल्या मुलासाठी मुख्याध्यापक वगैरे. सहाही कागद त्या व्यक्तीकडे यावेत हा हेतू. पालक कोर्टात गेले. आमच्या घरातली माहिती आम्हाला न विचारता खात्याखात्यांत का फिरावी? २८ जुलै २०१६ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हेतू चांगला असल्याचं मान्य केलं, पण माहिती वाटण्याच्या तरतुदी खासगी आयुष्याच्या हक्काशी विसंगत ठरवल्या. २०१९ मध्ये सरकारने ती सक्ती सोडून दिली. मला न्यायालयाचं म्हणणं पटतं. मारहाण सोसणाऱ्या आईला जर वाटलं की नर्सला सांगितलेलं उद्या पोलिसांच्या टेबलावर जाईल, तर ती नर्सलाही ‘पडले’ असंच सांगेल.

दुसरी गोष्ट जखमेसारखी आहे. सुधारणा चालू असतानाही काही मुलं पोलमाँट इथल्या तरुणांच्या तुरुंगात जातच राहिली, आणि त्यांतली काही तिथे आत्महत्येने गेली. अठरा वर्षांखालच्या मुलांना तिथे पाठवणं बंद झालं ते थेट ऑगस्ट २०२४ मध्ये, नव्या कायद्याने. गुन्ह्याला जबाबदार धरण्याचं किमान वय आठ होतं, तेही २०१९ चा कायदा डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आल्यावर बारा झालं. आणि २०२५ मध्ये किशोरवयीन मुलं चाकूने मारली गेली तेव्हा ‘फार सौम्य झालो का’ हा वाद तिथेही पुन्हा पेटला. युवक केंद्रांचा पैसा कापला गेल्याचं तिथले कार्यकर्ते कित्येक वर्षं ओरडून सांगत आहेत.

आपल्या कायद्यातला एक कागद

पुण्यात गेल्या काही वर्षांत ‘कोयता गँग’ हा शब्द रोजचा झालाय. हातात कोयता घेऊन गाड्यांच्या काचा फोडणाऱ्यांत अल्पवयीन मुलं असतात, आणि आपली चर्चा ‘अल्पवयीन’ धरण्याची वयोमर्यादा कमी करावी की नाही यावर सुरू होऊन तिथेच संपते. आरोपींना वस्तीतून फिरवल्याच्या व्हिडिओंना टाळ्या पडतात. ग्लासगोच्या पोलिसांकडेही पकडण्याची ताकद पुरेशी होती, हे इथे आठवतं.

गंमत म्हणून नाही, दुःखाने सांगतो: स्कॉटलंडने २०११ मध्ये जे टेबल मांडलं त्याचे बरेचसे पाय आपल्या कायद्यात आहेत. आपल्याकडे गुन्ह्याला जबाबदार धरण्याचं किमान वय आजही सात आहे, तो भाग वेगळा. पण बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी हवा, आणि जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकात दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक स्त्री. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत तर स्पष्ट आहे की अतिगंभीर गुन्हा असल्याशिवाय, किंवा प्रौढांसोबत मिळून केलेला असल्याशिवाय, मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा.

त्या अहवालाचा नमुना एकदा वाचून पाहा. शाळा का सोडली? घरात कोण कोण आहे? मित्र कसे आहेत? मुलाचा कुठल्या प्रकारे छळ झालाय का? काम करतो का, पैसे कुठे जातात? पोलिसांची काही सूचना? त्या तेरा वर्षांच्या मुलाच्या सहा फायली ज्यात मावतात, तो कागद आपण आधीच छापून ठेवला आहे. पण तो फक्त मंडळापुढे जातो. शाळेच्या मुख्याध्यापिकेला, अंगणवाडी सेविकेला, वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सला त्यावर बोलायला कोणी एकत्र बोलावत नाही. आणि सूचनेच्या रकान्यात बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने काय लिहावं? त्याच्या हाती देण्यासारखं काहीच ठेवलेलं नसतं.

एखाद्या शहरातलं एकच पोलीस ठाणं घ्यावं. त्याच्या हद्दीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (कायद्याच्या भाषेत गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल) म्हणून किरकोळ प्रकरणात पहिल्यांदा नोंद झालेली मुलं, फक्त तेवढीच. महिन्यातून दोन शुक्रवार, ठाण्यात नव्हे, शाळेच्या एखाद्या वर्गात. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी, बालकल्याण पोलीस अधिकारी, शाळेचं कोणीतरी, आशाताई, संस्थेचा एक माणूस. आई-बापांना आधी विचारून, त्यांनी हो म्हटलं तरच त्यांच्या घरातलं काही टेबलावर आणायचं. प्रत्येक मुलापुढे एका माणसाचं नाव लिहायचं आणि पुढच्या शुक्रवारी त्याच माणसाला विचारायचं, की तो शाळेत गेला का.